भोंग्याची कळ

वरची चौकी,
१४ एप्रिल

ती. दादास,

नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही तिघंही बरी असाल. तुझ्या चिऊचे पुढचे दोन्ही दात पडले आणि आता तिचं 'स' सगळं 'श' झालंय, असं खेचरवाला सांगत होता. मला तिच्या तोंडून एकदा 'शाशूबाई' ऐकायचंय.

तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. खेचरवाला गुरुवारी शिधा घेऊन वर येतो, शुक्रवारी उतरतो. पत्र तुझ्याच हातात द्यायला सांगितलंय. चुलीत टाकलंस तरी चालेल, पण वाचून टाक.

इकडची हवा कशी आहे, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. एप्रिल अर्धा सरलाय आणि मी चौकीच्या दारात नुसत्या सदऱ्यावर बसले आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी या दिवसांत दार उघडायला फावड्याने बर्फ उपसावा लागायचा. यंदा मार्चमध्येच ओढे सुटले. गावातही तेच असणार. तुझ्या सुतारकारखान्यात बर्फावरच्या घसरगाड्यांची कामं आली का? गेल्या तीन हिवाळ्यांत एकही आली नाही, असं वहिनी म्हणाली होती. बर्फच पडत नाही तर लोक घसरणार कशावर!

आता तळ्याचं. लोकांना वाटतं मी वर बसून झोपा काढते. दिवसातून तीनदा काठावर उतरायचं, मोजपट्टीवरचा आकडा वहीत लिहायचा, आणि पाणी तांबड्या रेघेला लागलं की चौकीतली कळ दाबून खाली गावात शाळेच्या छपरावरचा भोंगा वाजवायचा, एवढंच काम. पण त्या तळ्याकडे रोज बघायचं म्हणजे काय, ते बघणाऱ्यालाच कळतं. पहिल्या वर्षी तळ्याला फेरी मारायला मला पाऊण तास लागायचा. आता पावणेतीन तास लागतात. माझ्या आधीच्या म्हाताऱ्या चौकीदाराने तेव्हा हिमनदीच्या बर्फाच्या कडेला एका खडकावर पांढऱ्या रंगाने साल लिहून ठेवलं होतं. आज त्या खडकावर उभं राहिलं तर बर्फ चारशे पावलं मागे दिसतो. मधे सगळं पाणी. करड्या रंगाचं, तळ न दिसणारं.

आणि हे पाणी अडवलंय कशाने? दगडांनी, मातीने आणि त्यांच्यात अडकून राहिलेल्या जुन्या बर्फाने. तो आतला बर्फही आता वितळतोय. तुला कळेल असं सांगते: बाहेरून ठाकठीक दिसणारी चौकट, पण बोट टेकवलं की आत नुसता भुसा. परवा बांधाच्या खालच्या अंगाला एक नवा झरा फुटलेला दिसला. मनगटाएवढी धार होती. काल हात घातला तर कोपरापर्यंत गेला.

म्हणून एक मागणं आहे. तीन महिने वरच्या गल्लीत राहायला जा. मास्तरणीची मागची खोली रिकामी आहे, मी तिच्याशी बोलून ठेवलंय. कारखाना चालू राहू दे नदीकाठी, पण झोपायला वर या. निदान चिऊला तरी वर ठेव.

त्या दिवसाबद्दल मी काही लिहीत नाही.

वहिनीला नमस्कार, चिऊला पापा.

तुझी धाकटी,
ठमी


वरची चौकी,
३० जून

ती. दादास,

नमस्कार. वहिनीच्या चार ओळी मिळाल्या. तिने लिहिलंय, "हे म्हणतात, तिने एकदा घाबरवलं तेवढं पुरे झालं. आईला घेऊन गेली तिची भीती. आता आम्हाला आमच्या घरात राहू दे." खाली तिने स्वतःचं जोडलंय: "मी चिऊला घेऊन मास्तरणीकडे जाऊ का? हे ऐकत नाहीत." मी कोण सांगणार? पण जा म्हणावं, आजच जा.

मागच्या पत्रात मी त्या दिवसाबद्दल लिहीत नाही म्हटलं होतं. लिहायला हवं. गेले पाच दिवस कागद पुढ्यात घेऊन बसते आणि मग उठून मोजपट्टी बघून येते. तिकडे जायचं काही कारण नसतं.

दादा, दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी पाणी तांबड्या रेघेला लागलं नव्हतं. दोन वीत खाली होतं.

पाऊस सकाळपासून धो धो चालला होता. जेवून उठले आणि बर्फाच्या बाजूने असा आवाज आला, की जणू कोणीतरी डोंगराच्या पोटात कपाट ओढतंय. धुक्यात काही दिसेना. नियम असा, की रेघेच्या खाली पाणी असेल तर खात्याच्या कार्यालयाला फोन करायचा आणि थांबायचं. मी थांबले नाही. मला तुमचे सगळ्यांचे चेहरे दिसायला लागले आणि मी कळ दाबली.

पुढचं तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंस. सगळं गाव शाळेच्या पायऱ्यांवर. गर्दीचा लोट. आई तुझ्या हातातून सुटली आणि पडली. आणि पाणी आलंच नाही. लोक तासभर पावसात उभे राहून घरी गेले, आणि आई इस्पितळात गेली ती अकरा आठवडे खाटेवरून उठली नाही.

मी वहीत लिहिलं, 'पाणी रेघेला लागले.' चौकशीला कार्यालयाचे साहेब आले तेव्हाही तेच सांगितलं. त्यांनी काय निष्कर्ष काढला, तर मोजपट्टी सरकली असणार आणि चौकीवरच्या माणसाच्या भरवशावर भोंगा ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून त्यांनी कळीला लोखंडी पेटी बसवली, कुलूप ठोकलं, किल्ली नेली. आता मी फक्त फोन करायचा. साहेबांनी खातरजमा करायची आणि भोंगा तिकडून वाजवायचा, चार तासांच्या अंतरावरून. तळं फुटलं तर पाणी गावात चाळीस मिनिटांत पोचेल.

माझ्या एका खोट्यामुळे गावाचा भोंगा कुलपात आहे. हे कोणालाच माहीत नाही.

म्हणजे नव्हतं. या महिन्याच्या सुरुवातीला मी स्वतःहून कार्यालयात गेले. साहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मोजपट्टी बरोबर होती, खोटी मी होते. मला काढा, पण ते कुलूप काढा."

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "बाई, हे मी कागदावर घेतलं तर तुम्हाला आजच घरी पाठवावं लागेल. मग वर कोण राहील? तीन वेळा जाहिरात दिली, एक माणूस फिरकला नाही. उन्हाळा निघू द्या, मग बघू."

"आणि उन्हाळ्यातच काही झालं तर?"

"तर फोन करा ना. मी आहे."

तशीच परत आले. काय करणार होते?

अजून एक राहिलंय. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून काही उपयोग नाही. इस्पितळात तू औषध आणायला खाली गेला होतास, तेव्हा आईने माझा हात धरला. म्हणाली, "ठमे, तू बरोबरच केलंस ना गं? पाणी आलं होतं ना वर?" मी म्हटलं, "हो आई, रेघेला लागलं होतं." तिला बरं वाटलं. म्हणाली, "मग झालं. मग माझ्या पडण्याचं काही नाही." मरणाऱ्या माणसाशीसुद्धा मी खरं बोलले नाही, दादा. तू मला दोन वर्षं तोंड दाखवलं नाहीस, ते तुला सगळं माहीत नसताना. आता माहीत झालं. काय करायचं ते कर.

पण तळं माझ्या खऱ्याखोट्यासाठी थांबणार नाही. परवापासून बांधाखालचा झरा गढूळ वाहतोय. गढूळ म्हणजे तो बांधाची माती घेऊन चाललाय. पाणी रेघेच्या पाऊण हात खाली आहे, आणि आभाळात ढगाचा ठिपका नाही. पावसाची भीती तरी बरी, ती दिसते. हे नुसतं ऊन आहे. रोज सकाळी ऊन पडलं की मी आधी झऱ्याकडे पळते.

एकच मागते. माझा फोन आला तर उचल. बोलू नकोस हवं तर. फक्त उचल आणि ऐक.

तुझी,
ठमी


शाळा, वर्ग तिसरा,
११ ऑगस्ट

ती. दादास,

नमस्कार. तुझा ताप उतरला आणि तू काल उठून बसलास असं वहिनीने कळवलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला हेही कळलं. गुडघा वाचला हे डॉक्टरांचं म्हणणं तिने दोनदा लिहिलंय. मी ते कितीदा वाचलं ते सांगत नाही.

तू वहिनीशी बोलतोस, चिऊला गोष्टी सांगतोस, नर्सला सुद्धा टोमणे मारतोस म्हणे. माझ्याबद्दल काही विचारलं नाहीस. ठीक आहे. तुला गावातलं सगळं नीट कोणी सांगितलं नसेल. त्या दिवशी तू खाली होतास, मी वर. मी पाहिलं ते लिहिते.

जुलैतला शुक्रवार होता. खेचरवाला माझं दुसरं पत्र घेऊन आदल्या आठवड्यातच निघाला होता, पण घाटात वाट खचली म्हणून मधेच अडकला. ते पत्र नेमकं त्याच सकाळी तुझ्या हातात पडलं, हे मला नंतर कळलं. वहिनी सांगते, तू ते रंधा हातात धरूनच वाचलंस, घडी करून खिशात ठेवलंस आणि पुन्हा फळी तासायला लागलास. तिने विचारलं, "काय लिहिलंय?" तर म्हणालास, "काही नाही."

दुपारी पावणेबाराला मी आकडा घ्यायला उतरत होते. इतका स्वच्छ दिवस, की गावातल्या छपरांवर वाळत टाकलेली पांघरुणं दुर्बिणीतून मोजता आली असती. बर्फाच्या कड्याचा एक भाग, आपल्या शाळेएवढा, पुढे झुकला. आवाज नंतर आला. आधी नुसता झुकला आणि पाण्यात बसला. तळ्याने जणू श्वास घेतला आणि सगळं पाणी माझ्या बाजूला चढत आलं. मी वर पळाले. मागे वळून बघितलं तर मोजपट्टी नव्हती. लाट बांधावरून पलीकडे गेली होती, आणि जिथून गेली तिथे बांधाला खाच पडली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती खाच रुंदावत होती.

कार्यालयात फोन लावला. कारकुनाने उचलला. "साहेब बैठकीत आहेत. निरोप देऊ?"

"बांध फुटला म्हणावं. भोंगा वाजवा."

"रेघेला लागलंय का पाणी? नक्की आकडा काय लिहू?"

मी फोन ठेवला. सरपण फोडायची कुऱ्हाड घेतली आणि पेटीवर घातली. कुलूप पाचव्या घावाला तुटलं. कळ दाबली. भोंगा वाजला. इतक्या वर नीट ऐकू येत नाही, पण शाळेच्या छपरावरचे पारवे एकदम उडाले, त्यावरून कळलं.

आणि मग मी दुर्बिणीतून पाहिलं, दादा. कोणी पळत नव्हतं.

लोक दारात आले. वर बघितलं. नदीकडे बघितलं, नदी नेहमीसारखीच होती. काही जणी गच्चीवर चढून डोळ्यांवर हात धरून आभाळ न्याहाळत होत्या. ढग नाही, पाऊस नाही. बेकरीवाला पायरीवर येऊन उभा राहिला, पिठाचे हात झटकले आणि डोंगराच्या दिशेने असा हात उडवला, की जणू माझ्याच तोंडासमोर. मग आत गेला. मी वर एकटी किंचाळत होते. कोणाला ऐकू जाणार होतं?

तेव्हा तुला फोन केला. तू पहिल्याच घंटेला उचललास.

तू "हॅलो"सुद्धा म्हणाला नाहीस. मी म्हटलं, "दादा, आलं. खरंच आलं." तू म्हणालास, "किती वेळ?" मी म्हटलं, "अर्धा तास. कमीच." आणि फोन बंद झाला. दोन वर्षांत आपण बोललो ते एवढंच.

त्यानंतर तू जे केलंस ते मी दुर्बिणीतून बघत होते. तू लाकडी हातोडा घेऊन बाहेर आलास. वहिनीला आणि चिऊला वरच्या वाटेला ढकललंस. आणि नदीकाठच्या गल्लीत प्रत्येक दारावर, दुकानांच्या प्रत्येक फळीवर हातोडा मारत सुटलास. तू काय ओरडत होतास ते मला नंतर मास्तरणीने सांगितलं: "माझी आई या भोंग्याने गेली. मी सांगतोय, पळा!" तेव्हा लोक हलले. ज्याने माझ्यावर विश्वास ठेवायचं काहीएक कारण नव्हतं, तोच सांगतोय म्हटल्यावर हलले.

नदी मधेच आटली. पुलाखालचं पात्र कोरडं दिसायला लागलं. गल्लीतली काही माणसं ते बघायला थांबली, पण वरून मला दिसत होतं की वळणावर झाडं आणि दगड अडकून पाणी मागे साचतंय. मग ते सुटलं. त्याला पाणी म्हणवत नाही. तपकिरी भिंत, तिच्यात अख्खी झाडं उभी. पूल गेला तो एखादी पट्टी मोडावी तसा. कारखाना गेला. बेकरीचं धुराडं क्षणभर सरळ उभं दिसलं, मग नाही. तू कुठेच दिसत नव्हतास.

टॉवर पडला, फोन बंद. वाट वाहून गेली. दोन दिवस मी वर होते आणि मला ठाऊक नव्हतं की तू आहेस की नाहीस. त्या दोन दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही.

सात जण गेले. गल्लीत दोनशेच्या वर माणसं राहत होती, त्यातले सात. सगळे म्हणतात, केवढे वाचले. मला सातच दिसतात. त्यांतला एक बेकरीवाला. तू त्याच्याकडे तीनदा गेलास हे मला चौकशीत कळलं.

चौकशी इथेच झाली, शाळेच्या मोठ्या खोलीत. गाव इथेच राहतंय, बाकांवर अंथरुणं आहेत. साहेब आले होते. त्यांनी विचारायच्या आत मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वीत, खोटी नोंद, कुलूप. आईला सांगितलेलंही. कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी साहेबांनाही सोडलं नाही, जूनमध्ये काय बोलणं झालं ते सांगितलं.

बेकरीवाल्याची बायको मागच्या बाकावर होती. खोली रिकामी झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "पहिल्या वेळी तो पळाला होता. पायरीवर आपटून गुडघा फुटला त्याचा. लोक हसले. या वेळी तुझा भाऊ मला ओढत होता आणि हा भट्टीपाशी उभा राहून म्हणत होता, पाव करपतील. मी बाहेर आले. तुझा भाऊ पुन्हा आत गेला त्याला आणायला, तेव्हा तुळई तुझ्या भावाच्या पायावर पडली, आणि आम्हाला तो एकटाच बाहेर काढता आला."

मी म्हटलं, "माझ्यामुळे."

ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आता पुढच्या वेळी रेघेची वाट बघशील?"

"माहीत नाही."

"भीती वाटली की दाब," ती म्हणाली. "मी शिव्या देईन. पण पळेन." आणि उठून गेली. ती माफी नव्हती, दादा. मी तशी समजत नाही.

पुढच्या वेळी असं ती उगाच म्हणाली नाही. तळं अर्धं रिकामं झालंय म्हणून लोक जरा निश्चिंत आहेत. पण मोजणीवाले वर जाऊन आले. बर्फाच्या मागे, जिथे मी कधी गेले नाही तिथे, आणखी दोन तळी झाली आहेत. पाच वर्षांपूर्वीच्या नकाशात ती नाहीत. त्यातलं एक आपल्या तळ्यापेक्षा मोठं आहे, आणि त्याचा बांध नुसता बर्फाचा आहे. आणि खाली लोक नदीकाठच्या गाळावर दोऱ्या बांधून घरांच्या जागा आखायला लागलेत, कारण सपाट जमीन तेवढीच आहे. तुझ्या कारखान्याची जागाही कोणीतरी आखून ठेवलीय, तू येशील म्हणून. मी ती दोरी काढली. पुन्हा बांधली कोणीतरी. तिथे बांधू नकोस रे.

साहेबांनी मला निलंबित केलं होतं. आठव्या दिवशी त्यांचाच माणूस आला. वर जायला कोणी तयार नाही. कळीला आता पेटी नाही. मी हो म्हटलं. उद्या सकाळी निघते. एकटीच.

तू परवानगी दिलीस तरच कळीला हात लावीन, असं लिहायला बसले होते. पण ते पुन्हा खोटं होईल. तू नको म्हणालास, किंवा माझ्याशी कधीच बोलला नाहीस, तरी मला भीती वाटली की मी दाबणार आहे.

तुझी, भित्री,
ठमी